पांढरकवडा ते पायोनियर

पांढरकवडा म्हटलं की बाहेरच्या माणसाला २०१८ सालची ती वाघीण आठवते. सिंगापुरातही मला पहिल्या आठवड्यातच एकाने तिच्याबद्दल विचारलं, आणि तो निघाला नागपूरचा. वाघीण सोडली तर आमच्या गावाची ओळख म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४, कापूस आणि बोअरचं पाणी. त्या पाण्यापायीच मी ऑगस्ट २०२४ मध्ये नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत संशोधनाला गेले. आता केळापूर, वणी, घाटंजीकडच्या मुलामुलींचे फोन येतात. सगळ्यांचे प्रश्न सारखेच: काय न्यायचं, कसं राहायचं, काय काय पाहायचं. दरवेळी नव्याने सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. क्रमाला फार अर्थ नाही. काही मुद्दे दोन वाक्यांत संपतात, काहींना वेळ लागतो.

१. खसखस घरी ठेवा, खर्राही

आई बॅग भरते तेव्हा तिला कस्टम्सचे कायदे सांगायला कोणी धजत नाही. जवसाची चटणी, कारळाची चटणी, कुरडया, सांडगे, लाल तिखट यांचं काही वाकडं होत नाही. पण आपल्याकडच्या काळ्या मसाल्यात खसखस असते, अनारशावर असते, आणि खसखस सिंगापुरात नेता येत नाही. अफूच्या बोंडातलं बी आहे, त्यात अंमली अंश सापडू शकतो, म्हणून बंदी. अंमली पदार्थांच्या बाबतीत तो देश चेष्टेवर नेत नाही. मसाला न्यायचाच तर खसखस न घालता वेगळा कुटून घ्या. आईला कारण सांगितलं की ती आधी हसते आणि मग वेगळा कुटते.

खर्‍र्याचं वेगळं सांगायला नको, तरी सांगते, कारण विचारणारे आहेत. चघळायच्या तंबाखूला तिथे पूर्ण बंदी आहे. पुडी कितीही खोल मोज्यात घातली तरी ती तंबाखूच असते. आणि आणली तरी थुंकणार कुठे?

२. नागपूर जवळ आहे, पण हैदराबाद सोयीचं

नागपूर आम्हाला दीडशे किलोमीटर, हैदराबाद त्याच्या दुपटीहून जास्त. तरीही रात्रीची ट्रॅव्हल्स धरून शमशाबाद विमानतळ गाठणं परवडतं, कारण तिथून सिंगापूरला थेट विमान आहे, साडेचार तासांच्या आसपासचं. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट उघडली असेल तर ती बंद करा.

३. पहिल्या दिवशी बादली आणायला निघा

पाहायला काय जायचं, हा प्रश्न मला पटत नाही. मरीना बेची ती तीन उंच इमारतींवर ठेवलेली नाव, तोंडातून पाणी सोडणारा सिंह, हे सगळं फोनमध्ये आधीच पाहून झालेलं असतं. तिथं उभं राहून फोटो काढला की पुढं काय करायचं ते कळत नाही. शहराशी ओळख होते ती काही काम घेऊन बाहेर पडल्यावर. माझं काम होतं बादली आणि मग. वसतिगृहात शॉवर होता, पण शॉवरखाली केस धुतल्याचं समाधान मला अजूनही मिळत नाही.

विद्यापीठ शहराच्या पार पश्चिमेच्या टोकाला, जुराँगमध्ये. मेट्रो आवारापर्यंत येत नाही. तिथं तिला एमआरटी म्हणतात. नव्या मार्गाचं काम मी गेले तेव्हा चालू होतं. त्यामुळे १७९ नंबरची बस धरून बून ले, नाही तर विद्यापीठाच्या बसने पायोनियर स्टेशन. बसमध्ये चढताना कार्ड टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं. भाडं अंतरावर ठरतं. उतरताना विसरलात तर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापलं जातं. कंडक्टर नाही, तिकीट नाही, सुट्ट्या पैशांवरून वाद नाही. पहिले काही दिवस मला तो वाद नसल्याचं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

बून लेच्या मोठ्या मॉलमध्ये बादली मिळाली नाही. मिळाली ती पलीकडच्या सरकारी घरांच्या इमारतीखालच्या दुकानात. तिथली बहुतेक जनता सरकारने बांधलेल्या या एचडीबी इमारतींत राहते. खालचा मजला मोकळा सोडलेला असतो. तिथं म्हातारे पट मांडून बसतात, कधी लग्न लागतं, कधी मयताची बैठक असते. दुकानदार काकांनी मला तीन बादल्या दाखवल्या, तिन्ही उलट्या करून बुडावर टिचकी मारली आणि सगळ्यात स्वस्त होती तीच घ्यायला लावली. मी त्यांना ‘अंकल’ म्हटलं. तिथं टॅक्सीवाल्यापासून सफाईवाल्या बाईपर्यंत सगळे अंकल आणि आंटी, म्हणजे नात्याने बोलायची सवय असलेल्या माणसाला अडायचं काही कारण नाही. बादली हातात घेऊन बसमध्ये उभी राहिले तेव्हा एका आजींनी ती मांडीवर ठेवून घेतली. बून ले ते वसतिगृह मी त्या दिवशी जेवढं पाहिलं तेवढं मरीना बे आजपर्यंत पाहिलेलं नाही.

४. रुपयांचा गुणाकार कधी थांबवायचा

मी गेले तेव्हा सिंगापूरचा एक डॉलर ६४ रुपयांच्या आसपास होता. पहिले दिवस प्रत्येक जण गुणाकार करतोच. माझा गुणाकार रुपयांवर थांबत नव्हता, तो कापसापर्यंत जायचा. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,१२१ रुपये. म्हणजे किलोला ७१. साध्या टपरीवरची कॉफी १ डॉलर ४० सेंट: सव्वा किलो कापूस. चिकन आणि भात ४ डॉलर: साडेतीन किलो. काचेच्या दुकानातली, वर दुधाच्या फेसाचं पान काढलेली कॉफी साडेसहा डॉलर: सहा किलोला थोडा कमी. चांगला हात असलेली बाई दिवसभर वाकून चाळीस-पन्नास किलो वेचते, हे डोक्यात असलं की ती फेसाची कॉफी घशाखाली उतरत नाही.

विद्यावेतन डॉलरमध्ये मिळायला लागलं की खर्चही डॉलरमध्येच मोजावा, असं सगळे सांगतात, आणि रोजच्या जेवणापुरतं ते बरोबर आहे. तीन दिवस बिस्किटांवर काढून चौथ्या दिवशी आजारी पडणारी मुलं मी पाहिली आहेत. जेवणाचा गुणाकार करू नका. बाकी सगळ्याचा करा, निदान पहिलं वर्षभर. मी फेसाची कॉफी अजूनही कापसातच मोजते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

५. जेवण

हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली पन्नास-शंभर छोटी खाद्यदुकानं आणि मध्ये बांधून टाकलेली टेबलं. रस्त्यावरच्या हातगाड्या सरकारने उचलून या छपरांखाली आणल्या. २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत या संस्कृतीचं नाव लागलं. स्वस्त जेवण इथंच. दुपारी बाराला जागा मिळणं कठीण, म्हणून लोक रिकाम्या टेबलावर कागदी रुमालाची पुडी ठेवून खुशाल रांगेत जातात, आणि ती पुडी कोणी हलवत नाही. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणाऱ्या आपल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. फरक एवढाच की आपल्याकडे रुमालावरून भांडण होतं. जेवण झालं की ट्रे आपला आपण उचलून जागेवर नेऊन ठेवायचा. २०२१ पासून तो नियमच आहे, दंडासकट. साधं पाणी मागितलं तर त्याचेही पैसे पडतात, म्हणून बाटली जवळ ठेवा.

शाकाहारी मंडळींना लोक उगाच घाबरवतात. तिथल्या बौद्ध चिनी लोकांची खास शाकाहारी दुकानं असतात, त्यांच्या शेवयांत कांदा-लसूणही नसतो. इडली-डोसा आहे, डाळीसोबत मिळणारा प्राटा आहे. अडचण होते ती आमच्यासारख्यांची, ज्यांना सगळं चालतं पण तिखटाशिवाय चालत नाही. चिकन-भाताची ती उकडलेली कोंबडी पहिल्या दिवशी आजाऱ्याच्या पथ्यासारखी लागली. मग शेजारच्या मलय दुकानातल्या आंटीने वाटीत सांबाल दिलं. लाल मिरची, त्यात वाटलेला सुकट झिंग्यांचा गोळा. वास असा की पहिल्यांदा हात मागे जातो. दुसऱ्या घासाला घाम फुटला. वऱ्हाडच्या माणसाला तिथं जगता येईल याची खात्री मला त्या वाटीने दिली.

६. पाणी

हा माझा विषय आहे, तेव्हा जरा लांबेल.

केळापूर आणि झरी-जामणी तालुक्यांतल्या कितीतरी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. आमच्याकडे त्याहून जास्त असलेली गावं आहेत. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. वर्षानुवर्षं तेच पाणी प्यालेल्या माणसांची हाडं आखडतात, पाठ सरळ होत नाही. पट्ट्याचे दात मला लहानपणी विशेष वाटायचेच नाहीत, वर्गात निम्म्यांचे तसेच होते. फ्लोराइड पाण्यातून काढायचं कसं, स्वस्तात आणि विजेशिवाय, हा माझा प्रश्न.

आणि सिंगापूर १९५० च्या दशकापासून नळाच्या पाण्यात फ्लोराइड मुद्दाम घालतं. दात किडू नयेत म्हणून, मोजून, अगदी थोडं. तिथलं पाणी पावसाचं, तलावांतलं. त्यात ते मुळातच नसल्यात जमा. प्रयोगशाळेत आम्ही जे काढायला धडपडतो तेच त्याच इमारतीच्या नळातून ठरवून दिलेल्या मापात येतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून नळ सोडून पाहिला, जणू दिसणारच आहे.

नळाचं पाणी सरळ पिता येतं. ते न पटणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींनी पहिल्या महिन्यात बाटल्यांवर उडवलेले पैसे कापसात मोजले तर क्विंटलात जातील. उकळू नका, विकत घेऊ नका, नळाखाली बाटली धरा.

त्या पाण्याची कथा मात्र साधी नाही. आपल्या जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त पाऊस तिथं पडतो, तरी देश पाण्याला मोताद, कारण साठवायला जमीन नाही. यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा, सिंगापूर साडेसातशेच्याही आत. आपल्या एका जिल्ह्यात अठरा सिंगापूर बसतील. म्हणून पावसाचा थेंब वाहून जाऊ द्यायचा नाही, असा सगळा कारभार. जवळजवळ दोन-तृतीयांश जमिनीवर पडणारं पाणी गटारांतून, कालव्यांतून तलावांत जातं. रस्त्याकडेच्या खोल सिमेंटच्या नाल्या पाहिल्या की नवख्या माणसाला सांडपाणी वाटतं. ते पावसाचं पाणी असतं आणि शेवटी नळात येतं. दुसरी सोय मलेशियाच्या जोहोर नदीतून, १९६२ च्या कराराने, जो २०६१ मध्ये संपतो. तिसरी सोय समुद्राचं पाणी गोडं करण्याची. चौथी म्हणजे सांडपाणी पडद्यांतून गाळून पुन्हा वापरणं. २००३ पासून त्याला ‘न्यूवॉटर’ म्हणतात. त्यातलं बरंचसं कारखान्यांना जातं, कोरड्या दिवसांत थोडं तलावांत मिसळतं.

२०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराचे निळोणा आणि चापडोह हे तलाव आटले होते आणि लोक टँकरमागे धावत होते, ते आठवून हे सगळं पाहिलं की चीड येते. कोणावर, ते सांगणं अवघड. लहान देशाला हे जमतं कारण तो लहान आहे, त्याच्याकडे पैसा आहे आणि दुसरा इलाज नाही, हेही खरं. तरी नाल्यातून वाहून जाणारं पाणी आपलं आहे असं समजायला फार पैसा लागत नसावा.

बादलीचं राहिलंच. पाणी आलं की भरून ठेवायचं, हे आपल्या हाडात आहे. शेजारच्या खोलीतल्या चेन्नईच्या मुलीने माझी भरलेली बादली पाहिली आणि एक शब्द न बोलता मोरीत पालथी केली. डेंगीच्या डासांची पैदास घरात सापडली तर तिथं दंड होतो. तपासणीस दारोदार फिरतात, कुंडीखालच्या बशीतही डोकावतात. चेन्नईनेही २०१९ मध्ये कोरडे तलाव पाहिलेत, तेव्हा तिला माझी सवय समजली होती. तिचीही सुटायला वेळ लागला होता म्हणे.

७. हवा आणि घड्याळ

मे महिन्यातलं ४५ अंश सोसलेल्या माणसाला ३२ अंशांचं काय, असं म्हणून जाऊ नका. आपलं ऊन भाजतं, तिथलं शिजवतं. कपडे वाळत नाहीत, वह्यांची पानं वाकतात, आणि वर्गात एसी इतका की स्वेटर लागतो. सुती कपडे, एक स्वेटर, एक मजबूत छत्री.

विषुववृत्त जवळ, त्यामुळे बारा महिने सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. शेतकऱ्याच्या घरात पाचला उठणाऱ्या आईला मी माझ्या साडेसातला फोन करायचे, म्हणजे ती चहा ठेवत असायची. ही वेळ एकदा ठरवून टाका, अर्धी काळजी दोन्हीकडची मिटते.

८. रात्री

मुलींसाठी. प्रयोगशाळेतून रात्री साडेअकराला निघून एकटीने बसथांब्यावर उभं राहता येतं. कोणी पाहत नाही, कोणी थांबत नाही, मोटारसायकल हळू होत नाही. पहिले कितीतरी दिवस माझी किल्ली मुठीत असायची, टोक बाहेर. मग कधी तरी लक्षात आलं की किल्ली दप्तरात आहे आणि मी रस्त्याने चालताना चक्क विचार करतेय, दुसऱ्याच कशाचा तरी. अमुक इमारत, तमुक पूल यापेक्षा मला या शहराने दिलेली मोठी गोष्ट हीच. सावध राहूच नका असं नाही. गुन्हे तिथंही घडतात, आणि फोनवरून फसवणारे तर नव्या विद्यार्थ्यांच्या पाळतीवरच असतात: ‘पोलिसातून बोलतोय, तुमचा पास रद्द होणार’ असं म्हणून पैसे मागतात. तो फोन ठेवून द्या.

९. लिटल इंडियाला रविवारी जा

पायोनियरहून हिरव्या मार्गाने औटरम पार्क, तिथं गाडी बदलून जांभळ्या मार्गाने लिटल इंडिया. सगळे सांगतात, रविवारी जाऊ नको, गर्दी असते, सगळे कामगार असतात, पुरुषच पुरुष. ‘कामगार असतात’ हे ज्या सुरात म्हटलं जातं तो सूर भारतीयांचाच जास्त असतो, हे मला टोचलं. म्हणून रविवारीच गेले.

सेरंगून रोडवर खरंच मुंगीला वाट नव्हती. तामिळनाडू, आंध्र, तेलंगण, बांगलादेश. आठवडाभर इमारती आणि जहाजं बांधणाऱ्या, जुराँग-तुआसकडच्या वसतिगृहांत राहणाऱ्या माणसांची ही एकच सुट्टी. पैसे पाठवायच्या दुकानापुढे रांगा, गवतावर डबे सोडून बसलेले घोळके, वीरमाकालीच्या देवळाबाहेर चपलांचा ढीग. डिसेंबर २०१३ मध्ये इथं एका कामगाराचा बसखाली मृत्यू झाला आणि दंगल उसळली. त्यानंतर रात्री साडेदहापासून उघड्यावर दारू पिण्याला देशभर बंदी आली, या भागात सुट्टीच्या दिवसांचे नियम आणखी कडक.

ज्वारीचं पीठ कुठं मिळेल ते मी टेक्का सेंटरच्या बाजूला एका दुकानात विचारत होते. दुकानदाराला कळेना. मागं उभ्या असलेल्या माणसाने तेलुगूत मला विचारलं, गाव कोणतं? महामार्गावरच्या गावात वाढलेल्या माणसाला मोडकी का होईना तेलुगू येते. मी म्हटलं, पांढरकवडा. तो एवढ्या मोठ्याने हसला की रांगेतले दोघे वळले. निर्मलचा होता. नवरात्रात केळापूरच्या जगदंबेला त्याच्या घरची माणसं येतात. तोही लहानपणी ट्रॅक्टरमधून आला होता, आणि पैनगंगेच्या पुलावर टायर फुटला होता म्हणे. सुरुवातीला मला ‘मॅडम’ म्हणाला. मी त्याला ‘अन्ना’ म्हटल्यावर ‘चेल्लेम्मा’ झाले, धाकटी बहीण.

पुढचा अर्धा तास त्याने मला जे सांगितलं ते विद्यापीठाच्या नवागतांच्या कार्यक्रमात कोणी सांगितलं नव्हतं. ज्वारीचं पीठ कोणत्या दुकानात ताजं येतं. फोनचं कोणतं कार्ड घेतलं की घरचा फोन स्वस्त पडतो. पैसे पाठवायला महिन्याचा पहिला रविवार टाळावा. भाजी टेक्काच्या बाजारात दुपारनंतर उतरते. एजंटाला दिलेले पैसे फिटायला त्याला दीड वर्षाहून जास्त लागलं, तेही त्याने सहज सांगितलं, भाजीच्या भावासारखं.

परतताना बसमध्ये बसले तेव्हा बाहेर पुलावरून एक लॉरी जात होती, मागच्या उघड्या हौद्यात माणसं दाटीने बसलेली. कामगारांची अशी ने-आण तिथं चालते. त्यावर संसदेत वाद झालेत, बंद झालेली नाही. माझ्या बसमध्ये वातानुकूलन होतं. आम्हा दोघांच्या गावांत दोन तासांचं अंतर, विमानतळही बहुधा एकच. त्या देशात आमच्या हातात दिलेली कागदपत्रं वेगळी, एवढ्यावर एकाला एसी बस आणि दुसऱ्याला लॉरीचा हौदा. स्वच्छता आणि शिस्तीचं कौतुक करताना हे सोडून द्यायचं असेल तर मग कौतुकही थोडं कमी करावं.

भाकरी त्या रात्री थापली. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात विजेची शेगडी, आर नाही, त्यामुळे ती फुगली नाही. तरी खाल्ली, जवसाच्या चटणीशी.

१०. रस्त्याकडेच्या संत्र्यांना पाय लावू नका

ऑगस्टमध्ये जाल तर एचडीबी इमारतींच्या बाजूला गवतावर उदबत्त्या, भाताच्या वाट्या, संत्री, बिस्किटं मांडलेली दिसतील. कुणी जेवण सांडलेलं नाही. चिनी पंचांगातला सातवा महिना चालू असतो, पितर आणि भुकेले आत्मे या महिन्यात पृथ्वीवर येतात, त्यांच्यासाठी ते ठेवलेलं असतं. लोखंडी पिंपांत कागदी नोटा, कागदी कपडे, कागदी मोबाइलसुद्धा जाळतात. मंडप घालून गाण्यांचे कार्यक्रम होतात आणि पहिली रांग रिकामी सोडतात. तिथं बसायचं नाही, ती पाहुण्यांची. माझ्या वसतिगृहातल्या मलेशियन चिनी मैत्रिणीने हे सांगितलं तेव्हा मी कावळ्याचं आणि पानावरच्या घासाचं सांगितलं, आणि तिने विचारलं, कावळा आलाच नाही तर? तिथं कावळे भरपूर आहेत, त्याची काळजी नको, म्हटलं.

त्यांचा तो महिना मी गेले त्या वर्षी २ सप्टेंबरच्या अमावास्येला संपला. आपला पोळा त्याच दिवशी होता. घरून व्हिडिओ कॉल लागला तेव्हा गावात तोरणाखाली बैल उभे, झडत्या चाललेल्या, आणि कोणाला काही ऐकू येत नव्हतं. माझ्या खिडकीखाली पिंपात कागद जळत होते. आई म्हणाली, “तिकडे बी होळी हाय का आज?” मी हो म्हटलं. एवढ्या गोंगाटात आणखी काय सांगणार?

गणपतीची चिंता नको. तिथं महाराष्ट्र मंडळ आहे, उत्सव दणक्यात होतो, आरतीला पुणे-मुंबईकडचे जास्त आणि आपल्याकडचे कमी, पण वऱ्हाडी हेल कानावर पडला की दोघं-तिघं आपोआप जवळ येतात.

११. घरच्यांना काय पाठवायचं

उंच इमारतींचे फोटो दोन दिवसांत जुने होतात. आईला पाहायचं असतं खोलीचं दार, कडी, गादी, शेजारीण. बाबांना पाहायचं होतं शेत. “त्या देशात शेतीच नाही असं कसं असन?” हे त्यांच्या डोक्यातून जाईना. नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून येतं, हे सांगून त्यांचं समाधान झालं नाही. शेवटी एका शनिवारी उत्तरेकडच्या क्रांजीच्या बाजूला गेले. तिकडे अजून काही शेतं आहेत: जाळीची छपरं, ओळीने वाफे, पालेभाज्या. एका ठिकाणी माल तिथंच विकायला ठेवला होता. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी आधी मातीच पाहायला मागितली. मग मला कॅमेरा पानांजवळ न्यायला लावला, मागून पान उलटं करायला लावलं, मावा नाही म्हणाले. पाणी ठिबकने देतात की तुषारने, विचार. किती दिवसांची आहे, विचार. विकणाऱ्या आंटीला इंग्रजी बेताचं आणि माझ्या बाबांना वऱ्हाडीच, मध्ये मी. भाव विचारायला सांगितला तेव्हा तिने पाव किलोची पुडी हातात देऊन सांगितलं, दीड डॉलर.

म्हणजे किलोला ६ डॉलर, मी म्हटलं. पलीकडे थोडा वेळ आवाज नाही. मग आईला म्हणताना ऐकू आलं, “पालेभाजी पावणेचारशे रुपये किलो हाय तिथं.” आणि मला म्हणाले, “मंग आपण कापूस कायले लावून रायलो, पोरी?”